साठ विटांचा कोपरा

"ओळंबा थांबेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. आधी त्याला थांबू दे, मग तू बोल."

बाबांचा हा आवाज ताईच्या कानांत इतका मुरला होता की तो आठवावा लागत नसे. ओळंब्याची दोरी बोटावर घेतली की तो आपोआप यायचा. दोरीच्या टोकाचा पितळी गोळा भिंतीजवळ डुलायचा, हळूहळू शांत व्हायचा, आणि तोवर ती श्वाससुद्धा बेताने घ्यायची. समोर उभा असलेला गवंडी मात्र तेवढ्यात घामाघूम होऊन जायचा. म्हणून तर माणसं तिला मागे ओळंबाताई म्हणायची. तोंडावर नुसतं ताई.

ताईचं काम बांधकामांना तात्पुरते कारागीर पुरवायचं. कुणाला आठ दिवसांसाठी दोन फरशीवाले हवे असत, कुणाला पंधरा दिवसांसाठी चार गिलावेवाले, तर कुणाचा वेल्डर ऐन वेळी अंथरुणाला खिळलेला असे. फोन यायचा आणि ताईच्या कचेरीतून माणूस जायचा. काम संपलं की तोच माणूस पुन्हा खिडकीशी, पुढच्या कामाच्या रांगेत.

वेल्डरला, नळवाल्याला चार प्रश्न विचारले की पुरे होई. गवंड्याची परीक्षा मात्र कचेरीमागच्या अंगणात. साठ विटा, दोन घमेली माल, दीड तास, आणि त्यात एक कोपरा उभा करून दाखवायचा. कोपराच का, तर भिंत कुणीही भरतो, कोपऱ्याला गवंडी लागतो. दोन टोकांना दोन कोपरे उभे राहिले की मध्ये दोरी ताणायची आणि बाकीच्यांनी तिच्या आधाराने थर भरत जायचं. परीक्षेच्या मालात सिमेंट नसे, नुसता चुना आणि माती, कारण संध्याकाळी कोपरा मोडून, विटा घासून परत ढिगात लावायच्या असत. दहा वर्षांत त्या अंगणात हजारभर कोपरे उभे राहिले असतील. एकानेही रात्र पाहिली नव्हती.

ताईचा एक नेम होता. नापास झालेल्या माणसाला "नाही" हा शब्द उभ्याने सांगायचा नाही. त्याला बसवायचं, पाणी द्यायचं, आपणही बसायचं, मग सांगायचं. फोन सांभाळणारा पूर्वीचा सुतार, ज्याची दोन बोटं करवतीने नेली आणि ज्याला सगळे आठबोट्या म्हणत, तो चेष्टा करायचा, "ताई, तुमचं 'नाही' दुसऱ्यांच्या 'हो'पेक्षा गोड लागतं. माणसं मुद्दाम वाकडी भिंत बांधतील एक दिवस." ताई हसून सोडून द्यायची.

आणि त्या दहा वर्षांत एकाच माणसाची परीक्षा तिने कधी मनापासून घेतली नव्हती. तिचे काका.

काकांना सगळीकडे कोपरेकाका म्हणत. बाबा आणि काका आयुष्यभर एकाच भिंतीच्या दोन टोकांना उभे राहिले. मध्ये दोरी. बोलणं जवळजवळ नाहीच. दोरीला एक हिसका म्हणजे थांब, दोन हिसके म्हणजे चल पुढे. बाबा गेले त्याला नऊ वर्षं झाली, काकांच्या मांडीवरच गेले. त्यानंतर काकांनी दुसऱ्या कुणाशी जोडी जमवली नाही. एकटे काम करायचे. आता एकाहत्तरीला आले होते, तरी ताईच्या खिडकीशी रांगेत उभे राहायचे, सगळ्यांसारखे, हातात थापीची पिशवी घेऊन.

"काका, तुम्ही कशाला रांगेत? आत या ना."

"घरचा माणूस आधी पारखायचा असतो," ते म्हणायचे आणि मागच्याला डोळा मारायचे.

ती त्यांना जमिनीवरची कामं बघून द्यायची. परांचीवर चढायचं काम असेल तर काकांचं नाव पुढे करायची नाही. तेवढी काळजी घेतली की आपलं कर्तव्य झालं, असं तिला वाटायचं.

मंगळवारी सकाळी आठबोट्याने फोन तिच्यापुढे धरला. "शाळेच्या कामावरचा मुकादम आहे. हसतोय की रडतोय कळत नाही, तुम्हीच बघा."

"ताई," पलीकडून मुकादम म्हणाला, "तुमच्या काकांनी दार बुजवलं."

"कसलं दार?"

"वर्गाचं! काल आम्ही सगळे मागच्या बाजूला स्लॅबच्या गडबडीत होतो. पुढे काका एकटेच. त्यांना म्हटलं होतं, खिडकीखालची भिंत पुरी करा. सकाळी येऊन बघतो तर वर्ग आहे, खिडकी आहे, दार नाही. मुलांनी आता खिडकीतून उड्या मारायच्या का?" त्याच्यामागे माणसांचा हशा ऐकू येत होता. "आणि बुजवलंय असं देखणं, की फोडायला जीव होत नाही. विटांमधले सांधेसुद्धा मालाने भरून घासून ठेवलेत."

ताईलाही आधी हसूच आलं. नकाशा उलटा धरला असेल, असं म्हणत तिने चपला घातल्या.

शाळेच्या आवारात काका सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर बसले होते. भोवती चारसहा जण. एक जण म्हणत होता, "काका, आमच्या घरी पण या एकदा. सासूबाईंच्या खोलीचं दार तेवढं बुजवून द्या."

"हसा, हसा," काका म्हणाले. ताईला बघून त्यांचा चेहरा खुलला. "बरं झालं आलीस. तूच सांग यांना. दादाने काल मला स्पष्ट सांगितलं, या अंगाला दार नको, वारा सरळ आत येतो. दार पलीकडून काढायचंय. विश्वास नसेल तर दादाला विचारा, असेल इथेच कुठेतरी."

हशा विझला. सासूची चेष्टा करणारा माणूस खाली बघून उगाच पायाने वाळू सारखी करू लागला. दादा म्हणजे काकांचे थोरले भाऊ, ताईचे बाबा, हे तिथल्या दोघातिघांना माहीत होतं. उरलेल्यांना ताईच्या चेहऱ्यावरून कळलं.

ती त्या दाराकडे बघत राहिली. दार कसलं, भिंतच. एकावर एक, सांध्यावर सांधा येऊ न देता गेलेले थर, दोन्ही बाजूंच्या जुन्या भिंतीत बेमालूम गुंतवलेले. नवा माल थोडा गडद दिसत होता, म्हणूनच इथे काल वाट होती हे ओळखता येत होतं.

मुकादमाने तिला बाजूला घेतलं. आता तो हसत नव्हता. "ताई, दाराचं काही नाही. दुपारपर्यंत उतरवतो, कुणाला कळणारही नाही. पण आज हे झालं. उद्या ते उंचावर उभे असताना त्यांना वाटलं, आपण जमिनीवरच आहोत, तर?"

"मी त्यांना उंचावर पाठवत नाही."

"शिडी सगळीकडे असते हो ताई," तो मऊपणे म्हणाला.

परतताना काका आणि ती चालतच निघाले. पिशवी काकांनी स्वतःच धरली होती. दोन चौक ओलांडले. मग काका एकदम थांबले.

"दार बुजवलं ना मी?"

"हो, काका."

"आणि दादाचं नाव घेतलं?"

"घेतलं."

ते पुन्हा चालू लागले. पुढे एका दुकानाच्या सावलीत म्हणाले, "तुझी काकू मला आता मीठ आणायलाही पाठवत नाही. स्वतः जाते. म्हणते, पाय मोकळे होतात. तिचे गुडघे ते असे! मला वाटलं, असेल बुवा. पाय मोकळे होत असतील."

ताईला पंधरा दिवसांपूर्वीची सकाळ आठवली. शाळेच्या पत्त्याची चिठ्ठी तिने काकांच्या हातात दिली होती. दहा मिनिटांनी ते खिडकीशी परत आले आणि म्हणाले, "चिठ्ठी दिली नाहीस अजून?" चिठ्ठी त्यांच्या खिशातून वर डोकावत होती. तिने ती पाहिली होती, हसून बोटाने दाखवलीही होती. शाळेवाले कोपऱ्याच्या माणसासाठी रोज फोन करत होते, आणि तसा माणूस मिळत नव्हता. तिने पुढचा विचार केला नाही. केला नाही असं नाही. करायचा टाळला.

"म्हणजे आता माझं काम बंद," काका म्हणाले.

ताई पायांखालच्या रस्त्याकडे बघत राहिली.

"तू आजवर कुणाला परीक्षा न घेता नापास केलंयस?"

"नाही, काका."

"मग माझी घे. खरी घे. आजवर घेतलीस ती नाही. उद्या घे. भिंत वाकडी निघाली तर मी थापी खाली ठेवतो. सरळ निघाली तर तू मला पाठवायचं."

या बोलण्यात कुठेतरी खोट आहे, हे तिला तिथेच कळलं. काकांची भिंत वाकडी निघणारच नव्हती. ज्याची भीती होती ते साठ विटांत मोजण्यासारखं नव्हतं. पण रस्त्यात, पिशवी सावरत उभ्या असलेल्या त्या माणसाला ते सांगायची तिची छाती झाली नाही. ती "बरं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अंगणात नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. बातमी पसरायला वेळ लागतो थोडाच? आठबोट्याने स्वतः विटा मोजून लावल्या, भिजवून ठेवल्या, माल कालवून दिला. "काका, चुना जरा जास्त घातलाय, लोण्यासारखा आहे बघा," तो म्हणाला. काकांनी थापीच्या टोकाने माल चाखल्यासारखा उचलून बघितला. "लोणी तुझ्या घरी ठेव. यात पाणी जास्त झालंय." माणसं हसली. काकाही हसले. ताईला उगाच आशा वाटली.

आणि मग काका कामाला लागले. पहिली वीट ठेवली, थापीच्या मुठीने तिला दोन टिचक्या दिल्या, आणि पुढची घेतली. घाई नाही, थांबणं नाही. विटेच्या कडेला सांडलेला माल थापी पुढे जाता जाताच उचलायची. रांगेतले नवे गवंडी, ज्यांना पुढे स्वतः परीक्षा द्यायची होती, ते हळूहळू जवळ सरकले.

तिसरा थर संपला तसे काका मान वर न करता म्हणाले, "दादा, दोरी धर."

कुणीच हललं नाही. आठबोट्याने एक पाऊल पुढे टाकलं, तसा ताईने हाताने त्याला थांबवलं. ती कोपऱ्याच्या दुसऱ्या टोकाशी गेली, जमिनीवर पडलेली दोरी उचलली, ताणून धरली.

"जरा खाली."

तिने खाली घेतली.

"हां." दोरीला दोन हिसके बसले. चल पुढे. ती अंगठा विटेवर दाबून उभी राहिली. पुढच्या थराला एक हिसका आला, ती थांबली. मग पुन्हा दोन. तिच्या तळहातात ते हिसके असे येत होते, जणू कुणी जुनी ओळख सांगतंय.

"दादा," काका वीट फिरवून बघत म्हणाले, "पोरीला शाळेत घालायचं म्हणतोस ते पक्कं का?"

ताईने दोरी सैल होऊ दिली नाही. "हो," ती म्हणाली.

"घाल. डोकं आहे तिला. बडबड फार करते, ओळंबा बघताना तेवढी गप्प बसव."

"सांगितलंय तिला."

"पण दोरी धरायलाही शिकव. आपल्यामागे कोण आहे दुसरं?"

तिने मान हलवली. ते बघत नव्हते, तरी हलवली. ज्या तरण्याताठ्या गवंड्यांना एरवी दोन मिनिटं गप्प बसणं जमत नसे, ते हाताची घडी घालून उभे होते.

साठावी वीट बसली. काकांचा हात मागे ढिगाकडे गेला, पुढची वीट चाचपू लागला. ढीग संपला होता. हात मोकळ्या जमिनीवरून एकदा इकडे, एकदा तिकडे फिरला आणि थांबला. काकांनी वळून बघितलं. मग दोरीच्या दुसऱ्या टोकाकडे.

"तू धरली होतीस?"

"हो, काका."

"मला वाटलं..." त्यांनी सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसलं. "बरं, चल. ओळंबा लाव."

तिने ओळंबा लावला. पितळी गोळा डुलला, डुलत राहिला, थांबला. दोरी आणि विटा यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत एकसारखी होती.

"सरळ आहे."

"गुण्या लाव."

तिने लोखंडी गुण्या कोपऱ्यात धरला. दोन्ही अंगांना चपखल बसला.

"काटकोनात आहे."

"थर पाणसळीत, सपाट?"

"काका, सगळं बरोबर आहे. या वर्षात इतका चांगला कोपरा इथे झाला नाही."

"मग पाठवणार?"

ताईने मागे वळून आठबोट्याकडे बघितलं. एवढं त्याला पुरलं. "चला रे, चहा घेऊ," म्हणत त्याने सगळ्यांना पुढच्या बाजूला नेलं. मग तिने एक घमेलं पालथं घातलं, काकांना त्यावर बसवलं. दुसरं स्वतःसाठी. पाण्याचा तांब्या मध्ये ठेवला. काका तांब्याकडे बघत राहिले. दहा वर्षांत किती जणांना तिने असं बसवलं, हे त्यांनी याच अंगणात पाहिलं होतं.

"नाही, काका," ती म्हणाली.

ते भांडले नाहीत. पाणी प्यायले. बराच वेळ त्या कोपऱ्याकडे बघितलं, मग उठून वरच्या थराची पहिली वीट अलगद उचलली.

"काका, राहू द्या. संध्याकाळी पोरं मोडतील."

"माल ओला आहे तोवर भिंत उतरवावी. संध्याकाळपर्यंत धरेल आणि मग विटा फुटतील. चल, लाव हात."

दोघं कोपरा उतरवू लागली. ते वीट काढायचे, थापीच्या पाठीने माल खरवडायचे, तिच्या हातात द्यायचे. ती ढिगात लावायची. चौथ्या थराशी आल्यावर काका म्हणाले,

"पोरी, तू हे आत्ता सांगितलंस ना, ते मी विसरणार."

तिच्या हातात वीट तशीच राहिली.

"उद्या उठेन, पिशवी भरेन. मला वाटेल, आज काम आहे. येऊन उभा राहीन तुझ्या रांगेत, आणि मागच्याशी चेष्टा करत बसेन. तुझा आठबोट्या हात जोडून मला बाजूला घेईल. रांगेतले सगळे दुसरीकडे बघतील. काल शाळेवर बघत होते तसे." त्यांनी वीट खरवडली. "ते नको मला. रांगेत नको. तू घरी येऊन सांग. मी उंबऱ्याबाहेर पडायच्या आधी."

"सांगेन, काका."

"काकूला सांगायला लावू नकोस. तिचं मी ऐकणार नाही, आणि तिला तोंडाला येईल ते बोलेन. कामाचं 'नाही' कामाच्या माणसाने सांगायचं."

"मीच सांगेन."

"रोज सांगावं लागेल गं."

"रोज सांगेन."

"मी चिडेन. म्हणेन, आधी माझी भिंत बघ, मग बोल."

"मी म्हणेन, बघितली. सरळ होती."

काकांनी तिच्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं की चुना गेला होता, कोण जाणे. "असंच सांग. आधी भिंतीचं सांग. मग ते दुसरं." आणि पुढची वीट त्यांनी तिच्या हातात दिली.

दुपारी ती त्यांना घरी सोडायला गेली. काकू दारातच उभी होती. काका हातपाय धुवायला आत गेले तसं ताईने सगळं सांगितलं. काकूने पदराला हात पुसत ऐकून घेतलं.

"मला मागच्या थंडीपासूनच ठाऊक आहे," ती म्हणाली. "थापी लपवून ठेवली होती मी दोन दिवस. डब्यामागे. तर हा माणूस घरभर शोधत फिरला, एकही शब्द न बोलता. कपाटं, गादीखाली, सगळीकडे. बघवेना. तिसऱ्या दिवशी आणून दिली. म्हटलं, ही काय, समोरच तर होती." ती कसनुशी हसली. "तुला आधी सांगायला हवं होतं गं. पण सांगितलं असतं तर तू त्यांना थांबवलं असतंस."

"मलाही दिसत होतं, काकू. मीही बोलले नाही."

काकूने तिचा हात धरला, सोडला. "उद्या खरंच येशील?"

"ते किती वाजता निघतात?"

"पावणेसातला. घड्याळ चुकेल, हा माणूस चुकायचा नाही. तेवढं अजून शाबूत आहे."

दुसऱ्या दिवशी ताई नेहमीपेक्षा तासभर आधी उठली. अंघोळ करून रोजच्यासारखी हात जोडून बसली. एरवी ती कचेरीतल्या सगळ्यांसाठी मागायची, कुणाच्या डोक्यावर काही न पडो, कुणाचा पाय न घसरो. तेही मागितलं. काकांना आठवू दे, असं मात्र तिला मागवेना. आठवलं तर त्यांना एकदाच दुखेल, की रोज? तिला ठरवता आलं नाही. शेवटी तिने एवढंच मागितलं की आवाज कापू नये.

मग आठबोट्याला फोन लावला. "खिडकी तू उघड. मला थोडा उशीर होईल."

"आजच्या दिवस ना?"

"नाही. रोज."

"उघडतो," तो म्हणाला. "ताई, आज तीन गवंडी आहेत परीक्षेला."

"त्यांना विटा भिजवायला सांग. मी येतेच."

तिने दाराला कुलूप लावलं. रस्त्यावर अजून वर्दळ नव्हती. झाडू मारून नुकताच स्वच्छ झालेला रस्ता, एक दूधवाला, आणि कामाच्या पिशव्या घेऊन निघालेली दोनचार माणसं. त्यातल्या एकाने तिला ओळखून मान लववली. चौकातून कचेरीकडे डावीकडे वळायचं असायचं, ती सरळ गेली. चालताना ती मनात वाक्य जुळवत होती. काका, तुमची भिंत बघितली मी. सरळ होती. हे दोनदा म्हणून बघितलं. त्याच्या पुढचं एकदाही म्हणून बघितलं नाही.

सव्वासहा वाजून गेले होते. तिने चालण्याचा वेग वाढवला.